कॅमेऱ्यामागं कोण?

दौंडहून पुण्याकडे निघालेल्या गाडीत खिडकीच्या जागेसाठी तुम्ही कधी भांडलात का? भांडला असालच! पाटस मागं पडतं, केडगाव येतं, यवत जातं आणि मग येतं उरुळी. शिरूरच्या दोस्तांना ही वाट फारशी ओळखीची नसेल, कारण त्यांची एस.टी. शिक्रापूर, वाघोली करत पुण्यात शिरते. पण एकदा मुद्दाम दौंडच्या गाडीनं जा आणि उरुळीला बाहेर बघा (डोकं आत ठेवून हं!). मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी या उरुळी कांचनला येऊन राहिले होते. गावातल्या आजारी माणसांना त्यांनी माती, पाणी, ऊन आणि साधा आहार यांचे उपचार सांगितले. तिथला निसर्गोपचार आश्रम तेव्हापासूनचा.

त्याच वर्षी पुण्यात गांधीजींचा एक फोटो काढला गेला. तो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. पुढं मोठा चरखा, त्याच्यामागं जमिनीवर बसून हातातले कागद वाचणारे, उघड्या अंगाचे गांधीजी आणि खिडकीतून येणारा उजेड. आठवला? पुस्तकांत, भिंतींवर, भाषणाच्या स्पर्धेच्या पोस्टरवर, कुठं कुठं तो छापला गेला आहे!

आता सांगा, तो फोटो काढला कुणी?

गप्प का? चरख्याचं चाक आठवतं, चष्मा आठवतो, पण कॅमेऱ्यामागं कोण बसलं होतं हे आपण कधी विचारतच नाही. फोटो काढणारा माणूस फोटोत नसतो ना! तिथं बसली होती एक बाई. नाव मार्गारेट बर्क-व्हाइट. आणि हा फोटो मिळवण्यासाठी त्या बाईंना आधी सूत कातायला शिकावं लागलं होतं.

झालं असं, की अमेरिकेतल्या ‘लाइफ’ नावाच्या प्रसिद्ध साप्ताहिकानं त्यांना भारतात पाठवलं होतं. त्या गांधीजींचा चरख्याजवळ फोटो घ्यायला गेल्या, तेव्हा गांधीजींच्या सचिवांनी विचारलं, तुम्हाला कातता येतं का? बाई चक्रावल्या. मी कातायला नाही, फोटो काढायला आले आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. पण चरखा समजल्याशिवाय चरख्याचा फोटो कसा काढणार, हा तिकडचा मुद्दा. शेवटी बसल्या बाई चरख्यापुढं. धागा काही नीट निघेना, सारखा तुटे. तुमच्यापैकी कुणी टकळीवर सूत काढायचा प्रयत्न केला असेल, तर त्याला बाईंची दया येईल!

मग आत जायची परवानगी मिळाली. पण तो गांधीजींच्या मौनाचा दिवस. बोलायचं नाही. डोळ्यांवर झगझगीत प्रकाश त्यांना आवडत नसे, म्हणून फ्लॅशचे बल्ब फक्त तीन वापरायचे. तेव्हाचा फ्लॅश म्हणजे काचेचा एक बल्ब. एकदा भप्पकन पेटला की संपला, फेकून द्यायचा. म्हणजे तीन बल्ब, तीन संधी. थोडी यंत्राची कुरकुर, थोडी घाई, आणि पहिले दोन वाया गेले. उरला एक. तो लागला!

गंमत बघा, एवढ्या खटपटीनं मिळालेला हा फोटो ज्या लेखासाठी काढला होता त्यात छापलाच गेला नाही. पुढं जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली, तेव्हा ‘लाइफ’नं त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीत तो मोठ्या आकारात छापला आणि मग तो जगभर गेला.

या मार्गारेटबाई काही साध्यासुध्या नव्हत्या बरं का. १९०४ साली न्यूयॉर्कला जन्म. कारखान्यांत, वितळलेल्या पोलादाच्या ठिणग्यांत उभं राहून त्यांनी फोटोग्राफी सुरू केली. १९३६ साली ‘लाइफ’चा पहिला अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनीच काढलेला एका प्रचंड धरणाचा फोटो होता. मग दुसरं महायुद्ध पेटलं. १९४१ मध्ये जर्मन विमानं मॉस्कोवर बॉम्ब टाकत होती, तेव्हा त्या तिथं होत्या. लोक तळघरांत धावत आणि या कॅमेरा घेऊन गच्चीकडं! १९४२ च्या शेवटी त्या बोटीनं आफ्रिकेकडं निघाल्या. विमानाचा प्रवास बाईमाणसाला धोक्याचा, म्हणून बोटीनं पाठवलं होतं. त्या बोटीवरच टॉर्पेडो आदळला. बोट बुडत असताना जीवरक्षक होडीत बसून त्या वाचल्या. एवढं झाल्यावर लष्कराला वाटलं असेल, आता हिला काय धोक्याचं सांगायचं? जानेवारी १९४३ मध्ये त्या बॉम्बफेकी विमानातून प्रत्यक्ष हल्ल्यावर गेल्या. अमेरिकन सैन्याबरोबर अशी मोहीम करणाऱ्या त्या पहिल्या बाई.

आणि १९४५ मध्ये त्यांनी जर्मनीतली बुखेनवाल्डची छळछावणी पाहिली. तिथं त्यांनी काय पाहिलं ते मोठे झाल्यावर वाचा. त्यांनी नंतर लिहिलं आहे, की कॅमेरा आपल्या आणि त्या भयंकर दृश्याच्या मध्ये होता म्हणूनच आपण तिथं उभं राहू शकलो. आपण खरंच काय पाहिलं, ते फोटो धुऊन हातात आल्यावर त्यांना कळलं.

आता तुम्ही म्हणाल, या झाल्या अमेरिकेच्या गोष्टी. आपल्याकडं त्या काळी कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरणारी बाई होती का?

होती! आणि ती मुंबईत शिकलेली होती. मार्गारेटबाई दिल्लीत फिरत होत्या त्याच दिवसांत तीही त्याच दिल्लीत फिरत होती. साडी नेसून, सायकलवरून.

घोड्याच्या गाडीत बिऱ्हाड

होमाई व्यारावाला. पारशी घरातल्या. जन्म ९ डिसेंबर १९१३, गुजरातमधल्या नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत होते. तेव्हाच्या नाटक कंपन्या म्हणजे चालतं-फिरतं गाव. आज या शहरात, उद्या त्या शहरात. तमाशाचे फड कसे तंबू, पेट्या, माणसं घेऊन जत्रांमागून जत्रा करतात, तसंच काहीसं. त्यामुळं होमाईचं लहानपण भटकंतीत गेलं. नंतर कुटुंब मुंबईला स्थिरावलं.

मुलीला शिकवायचं हे घरच्यांनी ठरवलं होतं. मॅट्रिकच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढं झेवियर कॉलेज आणि मग जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. मुंबईला बोरीबंदर स्टेशनवर उतरलात की हे जे.जे. अगदी जवळ आहे. हिरव्या झाडांत लपलेलं. तिथं त्या चित्रकला शिकल्या. फोटोत कुठली वस्तू कुठं हवी, उजेड कुठून यावा, माणसाच्या डोक्यावरून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसू नये, ही नजर त्यांना तिथं मिळाली असणार.

कॅमेरा मात्र जे.जे.त नाही मिळाला. तो मिळाला माणेकशा व्यारावाला या तरुणाकडून. होमाई तेरा वर्षांच्या असताना त्यांची ओळख झाली होती. पुढं १९४१ साली दोघांचं लग्न झालं. माणेकशा फोटो काढत, आणि त्यांनीच होमाईंना कॅमेरा धरायला, रोल धुवायला आणि कागदावर फोटो उतरवायला शिकवलं.

होमाईंचे पहिले फोटो होते मैत्रिणींचे. मुलींच्या सहलीचे, हसण्या-खिदळण्याचे. ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रात छापून आले आणि एका फोटोचा एक रुपया मिळाला! हसू नका. तेव्हा एक रुपयाला किंमत होती. कशाला किती, ते आजोबांना विचारा, पण वेळ काढून विचारा, कारण ते सगळी यादी सांगतील.

मग युद्ध आलं. तेच दुसरं महायुद्ध. लढाई दूर असली तरी मुंबई तिच्या तयारीत गुंतली होती. रात्रीचे दिवे झाकलेले, बंदरात सैनिकांची ये-जा. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकासाठी होमाई या दिवसांतली मुंबई टिपू लागल्या. फोटो छान असत, छापले जात. फक्त एक गोष्ट व्हायची. खाली नाव छापलं जायचं नवऱ्याचं.

का? कारण होमाईंना कुणी ओळखत नव्हतं. शिवाय बाईनं काढलेला फोटो म्हटल्यावर संपादकांना भरवसा वाटायचा नाही. फोटो तोच, पण नाव बदललं की भरवसा यायचा! मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच आहे. माणेकशांनी नाव चोरलं असं मात्र समजू नका हं. ते तर त्यांचे गुरू आणि शेवटपर्यंतचे सोबती होते. तेव्हाची रीतच तशी होती.

दिल्लीच्या रस्त्यावर साडी आणि सायकल

१९४२ मध्ये होमाई आणि माणेकशा दिल्लीला गेले. तिथं ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात त्यांना काम मिळालं. बाहेरची कामंही त्या करत. ‘टाइम’ आणि ‘लाइफ’ला फोटो देत. म्हणजे ज्या ‘लाइफ’साठी मार्गारेट जगभर हिंडत होत्या, त्याच्यासाठी होमाईही काम करत होत्या.

जरा डोळ्यांसमोर आणा. १९४५-४६ ची दिल्ली. एक सडपातळ बाई, अंगावर साडी, सायकलवर बसलेली. खांद्यावर कॅमेऱ्याची जड बॅग. आजच्यासारखा खिशात मावणारा फोन नव्हे! त्या ‘स्पीड ग्राफिक’ नावाचा कॅमेरा वापरत. तो म्हणजे एक पेटीच. पुढं घडीची भात्यासारखी चामडी नळी, बाजूला फ्लॅशची थाळी. त्यात रोलही नसे. फिल्मचा एकेक तुकडा एका चपट्या डबीत घालायचा. एका डबीत दोनच तुकडे, एक पुढं, एक मागं. फोटो घ्यायच्या आधी डबीची पट्टी ओढून काढायची. विसरलात की फिल्म कोरी! फोटो झाला की पट्टी परत घालायची, डबी उलटी करायची, जळका बल्ब काढायचा (तो चांगलाच तापलेला असे), नवा लावायचा. तोवर तुमच्यासमोरचा पंतप्रधान निघून गेलेला असायचा.

दुसरा कॅमेरा ‘रोलीफ्लेक्स’. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली बघायचं. त्यात एका रोलमध्ये बारा फोटो. फक्त बारा! तुमच्या ताईच्या साखरपुड्यात मोबाइलवर किती फोटो निघाले ते मोजा एकदा. आणि बारा फोटोंतला कुठला चांगला आला हे तिथल्या तिथं दिसत नसे. घरी जायचं, काळोख्या खोलीत मंद लाल दिवा लावायचा, रसायनांच्या ताटल्यांत कागद हलवत बसायचं. पांढऱ्या कागदावर हळूहळू माणूस उमटू लागतो. शिरूर-दौंडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांनी ही जादू हजारदा पाहिली आहे. दुकानात काळा पडदा असायचा ना, त्याच्यामागं तेच चालायचं.

साडीतली बाई असं ओझं घेऊन गर्दीत शिरली की लोक बघत राहत. बाई हौसेनं मिरवतेय झालं, असं त्यांना वाटे. कुणी तिला खरी बातमीदार समजतच नसे. होमाईंनी पुढं मुलाखतींत सांगितलं आहे, की याचा त्यांना फायदाच झाला. जिथं पुरुष फोटोग्राफरला कुणी अडवलं असतं, तिथं या खुशाल पुढं जात. काढू दे की बिचारीला! आणि बिचारीनं काय काय काढलं बघा.

जून १९४७. दिल्लीत काँग्रेस महासमितीची बैठक. देशाची फाळणी मान्य करायची की नाही, यावर मत घेतलं जातंय. होमाईंच्या फोटोत दिसतात वर झालेले हात. नुसते हात! पण त्या हातांमुळं पुढं लाखो माणसांची घरं सुटणार होती. मार्गारेट त्याच वर्षी पंजाबात गेल्या आणि त्यांनी त्या सुटलेल्या घरांची माणसं टिपली. बैलगाड्यांच्या न संपणाऱ्या रांगा, खांद्यावर म्हातारी आई घेतलेले मुलगे. एकीनं निर्णय टिपला, दुसरीनं त्याची किंमत. दोघींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत असं मला नेहमी वाटतं.

१६ ऑगस्ट १९४७. लाल किल्ल्यावर पहिल्यांदा तिरंगा चढला. होमाई तिथं होत्या. लॉर्ड माउंटबॅटन भारत सोडून निघाले, होमाई तिथं. १९५६ मध्ये तरुण दलाई लामा डोंगर ओलांडून सिक्कीममध्ये आले, तेव्हा होमाई एकट्या प्रवास करत तिकडं पोचलेल्या. १९६१ मध्ये इंग्लंडची राणी आली, त्या तिथंही होत्या.

पंडित नेहरू मात्र त्यांचे सर्वांत लाडके. ‘फोटो छान येतो’ अशा माणसांपैकी ते होते. पालम विमानतळावर एक पाटी होती, ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’. नेहरू आपल्याच विचारात नेमके त्या पाटीशेजारी उभे राहिले आणि होमाईंनी बटण दाबलं! मनाई करणारी पाटी आणि पंतप्रधान, दोघं एकाच फोटोत. कबुतर उडवतानाचे नेहरू, बहिणीला मिठी मारतानाचे नेहरू, हे फोटोही त्यांचेच. १९६४ मध्ये नेहरू गेले, तेव्हा इतर फोटोग्राफरांना दिसू नये म्हणून तोंड लपवून आपण रडलो, असं त्या सांगत.

तेराची भानगड

या बाईंनी स्वतःसाठी एक नाव घेतलं होतं, ‘डालडा १३’! डालडा म्हणजे वनस्पती तुपाचा ब्रँड. आजीला विचारा, तो पिवळा डबा तिच्या स्वयंपाकघरात होताच आणि रिकामा झाल्यावर त्यात तुळस लावलेलीही तिला आठवेल. आता फोटोग्राफरचा आणि तुपाचा काय संबंध? होमाईंचा जन्म १९१३ चा. माणेकशा भेटले तेव्हा वय तेरा. आणि त्यांनी मोटार घेतली तिचा नंबर आला डी.एल.डी. १३. डी.एल.डी. भरभर म्हणा बरं! झालं ना डालडा? लोक तेराच्या आकड्याला घाबरतात, यांनी तो नावातच लावून घेतला.

ती एक संध्याकाळ

आता ३० जानेवारी १९४८ चं सांगतो. त्या एका दिवसाशी या दोघी बायांची गाठ आहे.

त्या दिवशी मार्गारेटनी गांधीजींची मुलाखत घेतली. अणुबॉम्बविषयी त्यांना विचारलं. मुलाखत संपली, त्या निघाल्या, आणि काही तासांतच बिर्ला भवनात प्रार्थनेला जाताना गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

होमाईही त्या संध्याकाळी प्रार्थनासभेला जाणार होत्या. निघाल्याही होत्या. तेवढ्यात माणेकशांनी त्यांना थांबवलं. उद्या दोघं मिळून जाऊ, असं ठरलं. तो उद्या आलाच नाही. जगाच्या इतिहासातला एवढा मोठा क्षण आपल्या हातून निसटला, ही रुखरुख त्यांना जन्मभर राहिली.

मार्गारेट बातमी ऐकून बिर्ला भवनात परत धावल्या. आतल्या खोलीत गांधीजींचा देह ठेवला होता. भोवती जवळची माणसं दुःखात बुडालेली. मार्गारेटनी कॅमेरा लपवून आत नेला आणि फ्लॅश उडवला. त्या शांत खोलीत तो भप्पकन झालेला उजेड! माणसं संतापली. त्यांचा कॅमेरा काढून घेतला, फिल्म बाहेर ओढून उजेडात धरली. तो फोटो गेला.

मुलांनो, तुम्ही काय म्हणाल? जगाला बातमी देणं हे त्यांचं काम होतं. युद्धात बॉम्ब पडत असताना गच्चीवर उभ्या राहणाऱ्या त्या बाई, त्या मागं कशा हटतील? पण ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांचंही काही म्हणणं असतंच ना? मार्गारेट फार मोठ्या, त्यांच्या धाडसाला माझा सलाम. तरी त्या खोलीत मी असतो तर मलाही राग आला असता.

आणि हा प्रश्न काही १९४८ बरोबर संपलेला नाही. आपल्याकडचे रस्ते आठवा. शिरूरजवळ नगर रस्त्यावर किंवा पाटस-यवतच्या पट्ट्यात सोलापूर हायवेवर अपघात होतो. पाणी घेऊन धावणारे दोन असतात आणि मोबाइल वर धरणारे वीस. आईबाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे.

गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो होमाईंनी काढले. मार्गारेटनीही काढले. लाखोंच्या गर्दीत, त्याच शहरात.

होमाईंच्या पिढीतल्या फोटोग्राफरांचे काही नियम होते. कार्यक्रमाला नीट कपडे घालून जायचं. आरडाओरडा करायचा नाही, पाहुण्याच्या अंगावर जायचं नाही. जेवत असलेल्या किंवा अवघडलेल्या माणसाचा चमत्कारिक फोटो काढून त्याचं हसं करायचं नाही. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पाळायचे. एवढे नेते इतक्या जवळून पाहिले, पण एकाचीही फजिती त्यांनी बाजारात मांडली नाही. पुढं दिवस बदलले. नवे फोटोग्राफर धक्काबुक्की करू लागले, पुढाऱ्यांभोवती पोलिसांची कडी उभी राहिली. १९६९ मध्ये माणेकशा वारले आणि १९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला. कायमचा. त्यानंतर चाळीस वर्षं जगल्या, पण फोटो काढला नाही.

मला हे वाचून पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. एवढी कला, आणि अशी बंद? पण त्यांना स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. हे आता आपल्याला पटणारं काम राहिलं नाही, आणि पैशासाठी ते करायचं नाही, इतकं सरळ.

मग त्या करत काय? आधी मुलाबरोबर राजस्थानात पिलानीला, मग बडोद्याला. १९८९ मध्ये तो एकुलता एक मुलगाही गेला. होमाईआजी एकट्या राहिल्या. पण घरातलं सगळं स्वतः करत. सुतारकाम करत, बिघडलेल्या वस्तू उघडून दुरुस्त करत, बाग फुलवत. शेजाऱ्यांना या आजी कोण आहेत याचा पत्ताही नसेल. त्यांचे फोटो पुस्तकांत, वर्तमानपत्रांत छापले जात होते आणि पुष्कळदा खाली नावच नसे. आधी नवऱ्याचं नाव, मग कुणाचंच नाही!

ते नाव परत आणलं सबिना गडिहोक यांनी. त्या दिल्लीत सिनेमा आणि फोटोग्राफी शिकवणाऱ्या. त्यांनी १९९८ मध्ये ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा माहितीपट केला आणि २००६ मध्ये होमाईंवर मोठं पुस्तक काढलं. बडोद्याला जाऊन, आजींशी तासन्‌तास बोलून, कुठला फोटो कधी, कुठं, कसा काढला ते लिहून घेतलं. कुणीतरी विचारलं म्हणून हे सगळं उरलं, नाही तर पेट्यांतच राहिलं असतं.

२०१० मध्ये होमाईंनी आपला फोटोंचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांना ‘पद्मविभूषण’ मिळालं. त्याआधी टाटांची ‘नॅनो’ गाडी बाजारात आली, तेव्हा पंचाण्णवी उलटलेल्या आजींनी ती घेतली होती! १५ जानेवारी २०१२ ला त्या बडोद्यात वारल्या. मार्गारेट फार आधी, १९७१ मध्येच गेल्या. हात थरथरण्याच्या आजारानं त्यांचा कॅमेरा शेवटी हातातून सोडवला होता.

आता तुमची पाळी

येत्या रविवारी माळ्यावरची फोटोंची पेटी किंवा अल्बम काढा. आजी-आजोबांना शेजारी बसवा. एकेक फोटो हळूच उलटा करून मागं बघा. स्टुडिओचा शिक्का असेल तर गाव आणि नाव वाचा. शिरूरचा आहे? दौंडचा? की लग्नासाठी मुद्दाम पुण्याला जाऊन काढलेला? शिक्का नसेल तर विचारा, हा काढला कुणी? पुष्कळदा उत्तर मिळेल, ‘तुझ्या आत्यानं’ किंवा ‘आईनं’. म्हणूनच तर ती त्या फोटोत दिसत नाही!

मिळालेलं उत्तर फोटोच्या मागं लिहून ठेवा. पण बॉलपेन वापरू नका. त्याचा वण पुढं उमटतो आणि शाई पसरते. मऊ शिसाची पेन्सिल घ्या, अगदी हलक्या हातानं, कडेला लिहा. साल, गाव, फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडं आणि खाली फोटो काढणाऱ्याचं नाव. फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढू नका, फाटेल. त्याची माहिती वेगळ्या वहीत उतरवा.

आणि शिक्क्यांवरची जुन्या स्टुडिओंची नावं आम्हाला पत्रानं कळवा. फोटो मात्र पाठवू नका, तो घरीच राहू द्या. टपालात हरवला तर आजी आमच्या नावानं शंख करतील.